ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी रेंजर गटांचा समन्वयक नेमकं काय करतो? भारतात वनशास्त्र शिकलेल्या माणसाला हे काम जमेल का?

जमेल की. फक्त वनशास्त्राची पदवी अर्जात लिहिण्यापुरतीच उपयोगाला येते, हे आधीच सांगून टाकतो. मी उत्तर ऑस्ट्रेलियात, आर्नहेम लँडमधल्या एका रेंजर गटाचा समन्वयक आहे. त्यामुळे पुढचं सगळं त्या भागापुरतं धरा. वाळवंटातल्या गटांचं काम बरंच निराळं असतं.

पहिली गोष्ट, जमीन कोणाची. आर्नहेम लँड ज्यात येतं त्या नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात १९७६ च्या जमीन हक्क कायद्यामुळे जवळपास निम्मी जमीन आदिवासींच्या मालकीची आहे. आर्नहेम लँडमध्ये शिरायलाच बाहेरच्या माणसाला परवाना काढावा लागतो. इथले रेंजर वनखात्याचे नोकर नाहीत. ज्या कुळांची ती जमीन, त्यांच्यातलेच बाप्ये आणि बाया त्यांच्या स्वतःच्या संस्थेत पगारावर असतात. मीही त्याच संस्थेचा नोकर. मंडळावरची वयस्क माणसं माझे साहेब. सरकारी पैसा येतो: आदिवासी संरक्षित क्षेत्रांची सुरुवात १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नॅन्टावॅरिनापासून झाली, आणि २००७ पासून रेंजरांच्या पगारासाठी केंद्राची योजना आहे. पण कुठे काय करायचं हे सरकार ठरवत नाही आणि मी तर मुळीच ठरवत नाही. हे पचलं नाही तर इथे येऊ नका. आलेले कित्येक जण 'लोकांना शिकवायला' येतात आणि दुसऱ्या पावसाळ्याच्या आत परत जातात.

आमचं वर्ष आगीवर चालतं. पश्चिम आर्नहेम लँडचे बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. उंच वाढलेलं गवत आडवं पाडणारी शेवटची वादळं येऊन गेली की 'येक्के' लागतो, साधारण मे-जूनमध्ये. रान मुद्दाम जाळायचे दिवस हेच. गवत अर्धवट ओलं असतं, रात्री दव पडतं. लावलेली आग ठेंगणी चालते आणि बरेचदा रात्री आपली आपणच विझते. मागे जळलेले आणि न जळलेले तुकडे एकाआड एक राहतात. ऑगस्टनंतर लागलेली आग मात्र आठवडेच्या आठवडे चालते, झाडांचे शेंडे करपवून टाकते आणि खारीएवढ्या जनावराला लपायला आडोसा ठेवत नाही.

विसाव्या शतकात लोक पश्चिम आर्नहेम लँडचं पठार सोडून मिशनांत, खाणींवर, गावांत गेले आणि वेळेवर जाळणारं कोणी राहिलं नाही. मग उशिराच्या आगी मोकाट सुटल्या. सायप्रस पाइन मोठ्या प्रमाणात मेले, कड्यांच्या आधाराने वाढणारी आन्बिनिक झाडांची राई कडेकडेने जळत आक्रसली. जुन्या जाणत्यांनी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन पुन्हा जाळायला सुरुवात केली. २००६ मध्ये डार्विन शहरातल्या नैसर्गिक वायू प्रकल्पाशी करार झाला: सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर वेळेत जाळायचं आणि वर्षाला साधारण १,००,००० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचवायचं. बदल्यात कंपनीने १७ वर्षं दरसाल सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचे. हिशेबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या पावसाळ्यात उगवणारं गवत तो परत ओढून घेतं. आज उत्तरेतल्या कितीतरी गटांचं अर्थकारण अशा आगीवर उभं आहे. आपल्याकडे जाळरेषा, म्हणजे आग अडवायला जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, सोडली तर वणवा म्हणजे गुन्हा, हेच डोक्यात घेऊन आलेल्याला इथे रुळायला वेळ लागतो.

जाळायचं ते पायी फिरून, गाडीतून आणि हेलिकॉप्टरमधूनही. हेलिकॉप्टरमध्ये एक यंत्र बसवतात. प्लॅस्टिकच्या छोट्या कुप्यांत पोटॅशियम परमँगनेट असतं. यंत्र त्यात सुईने ग्लायकॉल टोचतं आणि कुपी खाली सोडतं. ती थोड्याच वेळात पेट घेते. तंत्र सोपं आहे, दोन दिवसांत कोणीही शिकेल. अवघड असतं ते हेलिकॉप्टरमध्ये कोण बसणार हे जुळवणं. चार जागा, त्यातल्या दोन पायलट आणि यंत्रावरच्या माणसाच्या. उरलेल्या दोन जागांवर, खाली ज्यांची जमीन आहे त्यांच्यातलं कोणीतरी हवं. वडिलांकडून जमीन आलेले ते मालक. पण ज्यांच्या आईचं ते कूळ, ते तिथले 'जुंगकाय', म्हणजे राखणदार, आणि त्यांना डावलून काही करता येत नाही. काही ठिकाणांभोवती नकाशावर नुसतं वर्तुळ असतं. म्हणजे इथे जाळायचं नाही. का नाही, ते विचारायचं नसतं. समन्वयकाचा निम्मा एप्रिल ही माणसं शोधण्यात जातो. एक जण डार्विनला डायलिसिसला, दुसरा मयताला दुसऱ्या वस्तीत, तिसऱ्याच्या फोनमध्ये बॅलन्स नाही. हेलिकॉप्टरचं भाडं मात्र तासावर चालू असतं.

नात्यांचे नियम कामाच्या वेळी सुट्टीवर जात नाहीत. जावई आणि सासू यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, समोरासमोर यायचं नाही, आणि हे बायकोच्या सख्ख्या आईपुरतं नाही. नात्याच्या हिशेबात जी जी सासू लागते ती सगळी त्यात आली, मग ती वयाने जावयापेक्षा लहान का असेना. सकाळी शेडसमोर दोन ट्रुपी उभ्या असतात. ट्रुपी म्हणजे लांब लँड क्रूझर, आत समोरासमोर बाकं. मी फळ्यावर व्यवस्थित नावं लिहिलेली असतात. मग एक जण काही न बोलता आपली पिशवी पहिल्या गाडीतून काढून दुसरीत टाकतो. त्याच्यामागून आणखी एक उतरते. पाच मिनिटांत माझी यादी उलटीपालटी झालेली असते आणि मी चेनसॉ व डिझेलचे कॅन इकडून तिकडे हलवत असतो. कारण कोणी सांगत नाही, मीही विचारत नाही. आता मलाही त्यांनी नात्यात एक जागा दिली आहे, त्यामुळे निदान मी कुठे बसायचं नाही तेवढं कळतं.

कुणी गेलं की काम थांबतं, कधी कधी बरेच दिवस. गेलेल्याचं नाव उच्चारत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. म्हणजे तिमाही अहवालात त्यांचा फोटो असेल तर तो काढून पुन्हा सगळी जुळणी. पैसे देणाऱ्यांना मुदत का चुकली ते कळवायचं, हेही माझंच काम.

बाकीचं भराभर सांगतो. रानम्हशी आणि रानडुकरं मारणं, मिमोसाची झुडपं आणि गाम्बा गवत असं बाहेरून येऊन फोफावलेलं तण उपटणं-फवारणं, किनाऱ्यावर अडकलेली सोडून दिलेली मासेमारीची जाळी ओढून काढणं. कॅमेरा ट्रॅप लावायचे आणि हजारो फोटोंतून प्राणी ओळखायचे. त्यात क्वोल दिसला की शेडमध्ये गलका होतो, कारण केन टोड नावाचे विषारी बेडूक खाऊन हे ठिपकेदार प्राणी जवळजवळ संपले होते. ठिपक्यांवरून एकेक क्वोल वेगळा ओळखता येतो. यात आमच्या बाया रेंजर माझ्यापेक्षा कितीतरी तरबेज आहेत. या सगळ्याखाली समन्वयकाचा खरा दिवस म्हणजे पंक्चर, बोटीचं बिघडलेलं इंजिन, हजेरीपट, जीएसटी.

एक खुपणारी गोष्टही ऐका. समन्वयकाला नोकरीबरोबर बहुधा घर मिळतं. माझ्याहून जास्त जाणणारा रेंजर मात्र दहा-बारा जण राहतात अशा घरातून सकाळी झोपेविना कामावर येतो, आणि 'हजेरी अनियमित' असा शेरा अहवालात मला लिहावा लागतो.

आता तुमची तयारी. फोर व्हील ड्राइव्ह चालवता आणि चिखलातून काढता यायला हवी. प्रथमोपचार शिका. मुलांसोबत काम करण्यासाठीची मंजुरी लागते, टेरिटरीत तिला ओकर कार्ड म्हणतात. दारूवाचून राहता आलं पाहिजे, कारण बहुतेक वस्त्यांमध्ये बंदी आहे. पावसाळ्यात रस्ता महिनोन् महिने बंद असतो. आणि पदवीपेक्षा मी एका गोष्टीला जास्त गुण देईन: गडचिरोलीत एखाद्या ग्रामसभेबरोबर सामूहिक वनहक्कावर काम केलं असेल तर ते ठळक लिहा. मेंढा-लेखाला २००९ मध्ये हक्क मिळाला. त्यानंतर गावाने बांबू कसा तोडायचा, पैसा कसा वाटायचा हे ठरवण्यात जो कोणी रात्र-रात्र बैठकीत गप्प बसून राहिला असेल, त्याला इथलं निम्मं काम येतं.

मुलाखतीचा फोन आला तर समोर कोण बसणार आहे ते आधी विचारा. जमिनीचे मालक त्यात नसतील, नुसते डार्विनचे व्यवस्थापक असतील, तर मी होकार देण्याआधी त्या गटातल्या जुन्या रेंजरशी बोलायला मागेन.