यादी दिली, पुढे काय?

प्रश्न : मी एका संस्थेत नव्याने लागले आहे. हातावर पोट असलेल्या आणि घरात तान्हं बाळ असलेल्या कुटुंबांना हव्या त्या मदतीपर्यंत पोचवणं हे माझं काम. एका बाईंना लसीकरण, पोषण, आर्थिक साहाय्य, सगळ्या ठिकाणांची यादी करून दिली. महिना झाला, त्या कुठेच गेल्या नाहीत. फोनही उचलत नाहीत. अशा उदासीन कुटुंबासाठी किती वेळ द्यायचा?
— एक कार्यकर्ती

उत्तर : ‘उदासीन’ असा शेरा वहीत मारला असेल, तर आधी तो खोडा. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायला उठणाऱ्या बाळंतिणीला तुम्ही चार-पाच रांगा दाखवल्यात. नवरा सोबत गेला तर त्याचा रोज बुडतो, मोठं मूल सांभाळायला कुणी नाही. आणि एवढं करून खिडकीशी पोचावं, तर जन्मदाखला मागतात!

त्यामुळे जन्मनोंदणी आधी. त्याबरोबरीने लसी, कारण त्यांच्या तारखा थांबत नाहीत. सहा, दहा आणि चौदा आठवडे हे वेळापत्रक पुष्कळ देशांत आहे. बाकीचं मागून झालं तरी चालतं. अर्थात हा क्रम आपला झाला. त्यांना विचारा, ‘या आठवड्यात सगळ्यात जड काय जातंय?’ थकलेलं भाडं म्हणाल्या, तर आधी भाड्याचं बघा, मग तुमच्या फॉर्मात तो रकाना असो वा नसो.

फोनचं म्हणाल, तर रिचार्ज संपलेला असेल, फोन नवऱ्याकडे असेल. किंवा त्यांचं मनच खचलं असेल, आणि मला काळजी वाटते ती याची. घरी जा. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपण्यासाठी एडिनबरा प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे. दहाच प्रश्न आहेत, प्रशिक्षण घेऊन वापरा. त्यावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे कुणाला न्यायचं ते कळतं. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही. बाळाकडेही बघा. ते पीत नसेल, झटके येत असतील, धाप लागली असेल, अंग तापलेलं किंवा गार पडलेलं असेल, तर कागद बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

दर भेटीला नवा चेहरा पाठवू नका, हे तुमच्या वरिष्ठांनाही सांगा. अमेरिकेत संशोधक डेव्हिड ओल्ड्स यांनी एल्मायरा गावी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या कामात परिचारिका गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंत घरी जात. त्या ओळखीशिवाय कोण मनातलं बोलणार?

पुढच्या भेटीत एकच काम हातात घ्या. त्यांच्यासमोर फोन लावा, पलीकडच्या माणसाचं नाव लिहून घ्या आणि नंतर ‘गेलात का?’ न विचारता ‘मिळालं का?’ विचारा. आणि त्यांनी ‘नको’ म्हटलं, तर तेही ऐका. नंबर ठेवून या, पुढच्या लसीच्या वेळी पुन्हा विचारलं तर चालेल का, एवढी परवानगी मागा.