‘समान वेतन’, ‘समान मानधन’ की आणखी काही?

प्रश्न कोथरूडच्या एका क्रिकेटप्रेमी मंडळाचा आहे. यंदापासून त्यांच्या स्पर्धेत महिला गटालाही पुरुषांएवढीच रक्कम द्यायची ठरली आहे. माहितीपत्रकाच्या मसुद्यात एकाने ‘समान वेतन’ लिहिले, दुसऱ्याने ते खोडून ‘समान मानधन’ केले आणि तिसऱ्याने ‘समान सामना शुल्क’ सुचवले. यांतले बरोबर कोणते?

तुमच्या पत्रकापुरते सांगायचे तर तिन्ही नाहीत. जिंकणाऱ्या संघाला तुम्ही जे देणार ते बक्षीस. पण प्रश्न तेवढ्यावर सोडवत नाही, कारण हे तिन्ही शब्द रोज वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी बसवले जातात आणि त्यामुळे नेमके काय समान झाले तेच वाचणाऱ्याला कळत नाही.

वेतन म्हटले की नोकरी आली. पगार हा पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. जुन्या कागदपत्रांतला मुशाहिरा हा अरबी, त्यात तर महिनाच दडलेला आहे. तिन्हींमध्ये ठरलेली मुदत आहे, देणारा मालक आहे, घेणारा चाकर आहे. भारताकडून खेळणारी फलंदाज क्रिकेट मंडळाची नोकर नसते. आयकर कायदा १९६१ नेही खेळाडूंना कलम १९४-जे साठी व्यावसायिकांत धरले, म्हणजे मूळातून होणारी करकपात डॉक्टर-वकिलांच्या शुल्कासारखी, पगारासारखी नव्हे. गंमत अशी, की आपल्या कित्येक महिला क्रिकेटपटू रेल्वेत नोकरीला होत्या आणि आहेत. तिथे त्यांना खरोखर वेतन मिळते आणि पदाच्या श्रेणीप्रमाणे ते पुरुष सहकाऱ्याइतकेच असते. ‘समान वेतन’ हा शब्द बिनचूक लागू पडतो तो मैदानावर नाही, रेल्वेच्या कचेरीत.

‘सामना शुल्क’ हा तर इंग्रजी ‘मॅच फी’चा शब्दाला शब्द ठेवून केलेला उतारा. मराठीत शुल्क आपल्या खिशातून जाते: प्रवेश शुल्क, परीक्षा शुल्क, विलंब शुल्क. तुमच्या पत्रकात ‘प्रत्येक खेळाडूस सामना शुल्क ५०० रुपये’ असे छापले, तर निम्मे लोक पाचशे रुपये भरायला येतील. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या बातम्यांत हा गोंधळ आणखी वाढतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या (आयसीसी) आचारसंहितेतील पहिल्या, म्हणजे सर्वांत सौम्य स्तरातील चुकीला सामन्याच्या मानधनाच्या जास्तीत जास्त ५० टक्के दंड होतो. ‘सामना शुल्काच्या ५० टक्के दंड’ वाचणाऱ्याला वाटते, की खेळाडूने आधीच काही भरले होते आणि आता वर निम्मे आणखी भरायचे.

राहिले मानधन. सध्या क्रीडापानांवर हाच शब्द चालतो, पुरुषांसाठीही, आणि एका सामन्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक रकमेला तो बरा आहे. पण त्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. संस्कृतात मानधन हा बहुव्रीही समास: मान हेच ज्याचे धन, असा माणूस. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’च्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या योद्ध्यांचे वर्णन येते, ‘महौजसो मानधना धनार्चिता’. म्हणजे मानालाच धन समजणारे, आणि तरीही धन देऊन गौरवलेले. मराठीत समास उलटला. मान राखण्यासाठी दिलेले धन ते मानधन. व्याख्यात्याला, परीक्षकाला, मानद पदावरच्या माणसाला कष्टाचा हिशेब न करता जे द्यायचे ते.

इथेच खटकते. आपल्याकडे अंगणवाडी सेविकांना मिळते त्याला सरकार मानधन म्हणते आणि त्या कित्येक वर्षे वेतन मागत आहेत. हा शब्दाचा हट्ट नाही. वेतन म्हटले की भविष्यनिर्वाह निधीपासून बाकीचे हक्क मागता येतात. त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. बायकांच्या कामाला मानधन आणि पुरुषांच्या कामाला पगार, ही वाटणी भाषेत इतकी मुरली आहे की ती सहसा टोचत नाही. महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये आपल्या पुण्यातच झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. त्या खेळाडू संस्कृत अर्थाने मानधन होत्या, मान एवढेच धन. २००५ च्या विश्वचषकात उपविजेत्या ठरलेल्या संघाला सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचे मिताली राजने सांगितले आहे. पुढच्याच वर्षी महिलांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली. तेव्हा तिच्या सचिव पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी होत्या.

आता ज्या घोषणेने हे शब्द चलनात आणले ती पाहू. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी बीसीसीआयने करारबद्ध महिला खेळाडूंचे प्रत्येक सामन्याचे मानधन पुरुषांइतके केले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. त्याआधी महिलांना एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी दोन्हींसाठी १ लाख मिळत असे. ‘महिला क्रिकेटपटूंना पुरुषांइतके वेतन’ असा मथळा वाचून वाटते, की वर्षाकाठी दोघांच्या हातात सारखेच पडते. तसे नाही. वार्षिक कराराची रक्कम वेगळी असते. २०२४-२५ च्या करारांत महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख होते, पुरुषांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ७ कोटी. चौदा पट. शिवाय सामने किती होतात हा हिशेब निराळाच. वर्षात तीन कसोट्या जास्त खेळणाऱ्याच्या खात्यात त्याच ‘समान’ दराने ४५ लाख जास्त जमा होतात. लिलावाची बोली ही तिसरी गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या महिला प्रीमियर लीगसाठी सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. (आडनावाचा योगायोग शब्दचर्चेत सोडवत नाही, पण त्याचा या शब्दाशी संबंध नाही.) त्या वेळी एका संघाला सगळा चमू घ्यायला १२ कोटी होते, पुरुषांच्या लीगमध्ये त्याच वर्षी ९५ कोटी.

देशांतर्गत स्पर्धांचे मानधन तर दिवसावर मोजतात. २०२१ मध्ये चाळीसहून अधिक सामने खेळलेल्या पुरुषाला दिवसाला ६० हजार ठरले आणि वरिष्ठ गटातल्या महिलेला २० हजार. महिलांचा दर डिसेंबर २०२५ मध्ये ५० हजारांवर नेला. दिवसावर मोजलेल्या पैशाला मराठीत सरळ रोजंदारी म्हणतात, पण पन्नास-साठ हजारांच्या रोजंदारीला तसे म्हणायला जीभ रेटत नाही.

म्हणून एकूण कमाईबद्दल बोलायचे तेव्हा मी ‘मोबदला’ सुचवीन. अरबीतून आला, मूळ अर्थ अदलाबदल: काम दिले, पैसे घेतले. यात उपकार नाही, मालकही नाही. स्त्री-पुरुषांना समान कामाचे सारखे पैसे द्यावेत, असे सांगणाऱ्या १९७६ च्या कायद्यालाही ‘समान मोबदला’ हेच नाव चपखल बसते, कारण त्यात पगाराबरोबर इतर लाभही धरले होते. घोषणेला ‘समान काम, समान दाम’ यमकात बसते म्हणून उत्तम. करारनाम्यात मात्र दाम लिहू नये.

‘समान’ शब्दावरही थोडे. बीसीसीआयने धोरणाला दिलेल्या ‘पे इक्विटी’ या इंग्रजी नावाचा अर्थ खरे तर समन्यायी मोबदला असा होतो. समन्यायी म्हणजे काय हे महाराष्ट्राला पाणीवाटपावरून ठाऊक आहे: सर्वांना एकच माप नव्हे, परिस्थिती पाहून न्याय्य वाटा. प्रत्यक्षात झाले ते नावाच्या उलट. सामन्याच्या दरापुरते तंतोतंत समान झाले आणि बाकीच्या पैशाबद्दल समन्यायी काय, ते ठरायचे राहिले.

मराठीचे प्रत्यय या कामी इंग्रजीपेक्षा नेमके आहेत, ते वापरा. ‘पुरुषांइतके’ म्हणजे तेवढीच रक्कम. ‘पुरुषांसारखे’ म्हणजे त्याच जातीचे, रक्कम कमी असली तरी चालेल. ‘पुरुषांप्रमाणे’ म्हणजे त्यांना मिळते तसे यांनाही मिळते, एवढेच. ‘पुरुषांच्या बरोबरीने’ हे मानाचे. त्यात रुपया येतोच असे नाही. विम्बल्डनमध्ये २००७ पासून महिलांना पुरुषांइतके बक्षीस मिळते. अमेरिकन ओपनमध्ये ते १९७३ पासून आहे. दोन्हीकडे ‘इतके’च हवे. २०२५ च्या महिला विश्वचषकात तर ‘इतके’ही अपुरे पडले: विजेत्या भारतीय संघाचे बक्षीस ४४ लाख ८० हजार डॉलर होते, २०२३ च्या पुरुष विजेत्यांचे ४० लाख.

तुमचे पत्रक. ‘महिला व पुरुष विजेत्यांना ५० हजार रुपयांचे बक्षीस’ असे लिहू नका. पन्नास दोघांत मिळून की दोघांना वेगवेगळे, यावर बक्षीस समारंभात भांडण होईल. ‘महिला गट व पुरुष गट: विजेत्या संघास प्रत्येकी ५० हजार रुपये’ असे लिहा. उपविजेत्यांची ओळ वेगळी घ्या, कारण बऱ्याचदा पहिले बक्षीस सारखे ठेवून दुसऱ्यात काटछाट होते. पुरुषांच्या गटाला ‘खुला गट’ म्हणू नका. खुला असेल तर त्यात महिलांनाही नाव देता आले पाहिजे. प्रवेश शुल्क दोन्ही गटांना सारखे आहे का, तेही त्याच चौकटीत सांगा. पंच आणि गुणलेखक यांना द्याल ते मानधन, तिथे तो शब्द अगदी योग्य आहे. आणि मसुद्यात दोन ठिकाणी ‘बक्षीसाची रक्कम’ झाले आहे. सामान्यरूपात उपान्त्य ‘क्षी’ ऱ्हस्व होतो: बक्षीस, पण बक्षिसाची.