वारस नोंदीवर हरकत घेतली आहे, आता मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी आहे. तयारी कशी करू?

ताई, तुमची अडचण अशी आहे ना: वडील गेले, भावाने वारस नोंदीच्या अर्जात आईचं आणि स्वतःचं एवढीच नावं घातली, तुम्ही मुदतीत तलाठ्याकडे हरकत दिली, आणि आता सुनावणीची नोटीस हातात आहे. भाऊ म्हणतो, बहिणीने हक्क सोडलाय. वकील लावावा का, काय न्यावं, तिथे बोलायचं काय?

मी मंडळ अधिकाऱ्यांच्या, म्हणजे तलाठ्याच्या वरच्या महसूल अधिकाऱ्यांच्या, टेबलापुढे तीन तारखांना बसलेय, वडिलांच्या जमिनीसाठी, समोर सख्खा भाऊ. वकील नाही, महसूल खात्यातली नाही. तेव्हा चुका कुठे झाल्या ते आधी सांगते.

मी कोर्टासारखं काहीतरी असेल असं समजून गेले होते. तसं काही नसतं. एक खोली, लोखंडी कपाट, टेबलावर काच, काचेखाली गणपतीचा फोटो. आमचं चालू असताना दोन शेतकरी मध्येच येऊन नुकसानीच्या पंचनाम्याचं विचारून गेले. सगळं मिळून पंधरा मिनिटं. इतकं घरगुती वातावरण असतं की माणूस बोलत सुटतो. मीही सुटले. वडिलांच्या आजारपणात कोण होतं, दवाखान्याचं बिल कोणी भरलं, आईला कोण बघतं. मंडळ अधिकारी मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, पटतंय त्यांना.

मग त्यांनी रोजनामा, म्हणजे त्या दिवशी काय झालं त्याची नोंद, पुढे केला. "इथे सही करा." मी पेन उचललं होतं. सोबत आलेल्या मामेभावाने कोपर मारलं म्हणून वाचलं. लिहिलं होतं: "अर्जदार व हरकतदार हजर. उभयतांचे म्हणणे ऐकले. हरकतदार यांना अधिक पुरावा देणे नाही. प्रकरण निकालासाठी बंद." माझ्या पंधरा मिनिटांतला एक शब्द त्यात नव्हता, आणि पुरावा देणे नाही असं मी म्हटलंच नव्हतं. माझ्या पिशवीत तेव्हा फक्त आधार कार्ड होतं हेही खरं. तिथल्या तिथे कोऱ्या कागदावर "कागदपत्रे दाखल करण्यासाठी मुदत मिळावी" असा अर्ज लिहून दिला, तेव्हा शेवटची ओळ खोडून पुढची तारीख पडली.

म्हणून पहिली गोष्ट: बोलायची तयारी नंतर, लिहायची आधी. दोन पानांचं लेखी म्हणणं घरून तयार करून न्या. वर फेरफार (सातबाऱ्यावरचं नाव बदलायची नोंद) क्रमांक, गाव, गट नंबर, सुनावणीची तारीख. मग साध्या वाक्यांत: वडील अमुक तारखेला वारले, त्यांच्या मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी; मी ती मुलगी; अर्जात माझं नाव वगळलंय; मी कुठलंही नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलेलं नाही; माझं नाव वारस म्हणून लावून मगच नोंद मंजूर करावी. खाली सोबतच्या कागदांची यादी, सही, तारीख. तीन प्रती न्या: एक त्यांच्या फाइलला, एक भावाला, एक तुमची. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. आजारपणाची, दवाखान्याची कहाणी त्यात घालू नका. खरी असली तरी या टेबलावर तिचा उपयोग नाही.

उपयोग का नाही, ते कळायला हे टेबल काय ठरवतं ते बघावं लागतं. मंडळ अधिकारी तुमची मालकी ठरवत नाहीत. फेरफार नोंद मुळात महसुलाच्या कामासाठी. तिने मालकी मिळत नाही नि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. २०२१ च्या जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात पुन्हा आलंय, आणि मृत्युपत्रावरून वाद असेल तर दिवाणी कोर्टात जा असंही त्यात आहे. मग इथे भांडायचं कशाला, असं माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं. कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे मंजूर झालेली नोंद खरी धरली जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि ते उलट सिद्ध करायचं ओझं मग तुमच्या डोक्यावर. बँक सातबारा बघते, जमीन घेणारा सातबारा बघतो. नाव एकदा राहिलं की पुढची दहा वर्षं तुम्ही "माझंही नाव होतं" हे सांगत फिरणार.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. हरकत आली की तलाठ्याला ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-अ मध्ये, घ्यावी लागते आणि तुम्हाला लेखी पोच द्यावी लागते. कलम १५० मध्येच आहे ते, कोणाची मेहेरबानी नव्हे. पोच मिळाली नसेल तर सुनावणीच्या आधी मागून घ्या. आणि आजच ऑनलाइन पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढा. त्यावर "प्रलंबित फेरफार" अशी एक ओळ असते. तिथे तुमच्या फेरफाराचा नंबर दिसला पाहिजे. "नाही" असं छापून आलं, तर सुनावणीची वाट न बघता दुसऱ्या दिवशी कार्यालय गाठा.

आता कागद. सातबारा तर हवाच, पण त्याच्या खालच्या भागात जुन्या फेरफारांचे नंबर असतात, त्यांच्या नकला काढा. वडिलांकडे जमीन आली कशी, आजोबांकडून की खरेदीने, ते त्यात कळतं. आमच्या जुन्या फेरफारात आजोबा गेल्यावर आत्याचं नावही लागलेलं सापडलं. भाऊ सांगत होता, आपल्यात बायकांची नावं लावायची पद्धतच नाही. मी ती नक्कल काढून टेबलावर ठेवली. पद्धतीचा विषय तिथेच संपला. जुन्या नकला तलाठ्याकडे नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण त्याला तीस दिवस लागू शकतात, तुमची तारीख त्याआधी येईल. तेवढ्यासाठी मुदत मागता येते. ती तोंडी नाही, लेखी मागायची.

वडिलांचा मृत्यू दाखला, शपथपत्रावर वंशावळ, जुनं रेशन कार्ड ज्यात तुमचं नाव मुलगी म्हणून आहे, आणि शाळा सोडल्याचा दाखला. हा शेवटचा कागद लहान वाटतो, पण बायकांच्या प्रकरणात सगळ्यात जास्त काम तोच करतो. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. समोरचा सहज म्हणतो, ही बाई हीच कशावरून? लग्नाचं प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र सोबत ठेवा. माझं लग्न नोंदवलेलं नव्हतं. ते नोंदवण्यात माझी एक तारीख गेली. प्रत्येक कागदाच्या झेरॉक्सवर सही करा, मूळ प्रती दाखवायला न्या, फाइलला लावू नका.

भाऊ "हक्क सोडलाय" म्हणतोय त्याला उत्तर एका वाक्याचं: दस्त क्रमांक सांगा. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं लागतं, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७. स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेला कागद त्या जागी चालत नाही. माझ्या भावाने असाच कागद काढला होता. बाराव्याच्या दिवशी, सोसायटीच्या कर्जाला लागते म्हणून घेतलेली सही. सही माझीच होती, मी नाकारली नाही. नाकारली असती तर खोटी पडले असते. एवढंच लिहून दिलं की हा दस्त नोंदणीकृत नाही, आणि सही कशासाठी म्हणून घेतली ते. तुम्हीही कधी असा कागद सही केला असेल तर घाबरू नका, पण आत्ता आठवून ठेवा. तिथे पहिल्यांदा बघितला की चेहरा पडतो.

लग्नाच्या तारखेचं एक भूतही येईल. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क आला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या होत्या. गावोगावच्या पारावर तोच नियम अजून पाठ आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या विनीता शर्मा निकालाने उरलेली शंकाही मिटवली. शिवाय वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या वाट्याला मुलगी मुलाइतकीच वारस आहे, लग्न कधीही झालेलं असो. हे पाठ करून भाषण देऊ नका. लेखी म्हणण्यात दोन ओळी पुरतात. भावाने मृत्युपत्र पुढे केलं तर मात्र गप्प बसू नका: मूळ प्रत दाखवायला सांगा, नक्कल मागा, आणि "मृत्युपत्र मान्य नाही" एवढं लेखी द्या.

वकील लावायचा का? वारसाचा साधा प्रश्न असेल तर या टप्प्यावर नाही लावला तरी चालतं असं माझं मत. मृत्युपत्र किंवा खरेदीखत मध्ये आलं तर लावा. पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. मोफत वकील मिळण्यासाठी बाईला उत्पन्नाची अट नाही. हे मला उशिरा कळलं.

त्या दिवशी भावाने काही लेखी दिलं तर त्याची प्रत मागा, उत्तराला तारीख मागा. त्याच्याकडे बघून बोलू नका, साहेबांकडे बघून बोला. माझा भाऊ दुसऱ्या तारखेला "तायडे, असं करायला नको होतंस" म्हणाला आणि मी ठरवलेलं सगळं विसरले. कागद दिलेला होता म्हणून निभावलं. आईलाही बोलावलं असेल तर तिच्यावर घरातून काय बोलायचं ते लादू नका. तिला जे म्हणायचंय ते तिचं तिला लिहून देऊ दे.

निकाल त्याच दिवशी मिळत नाही. नंतर आदेशाची प्रत मागून घ्या आणि ती मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहून ठेवा, कारण विरोधात गेलं तर प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपिलाला साठ दिवस असतात. माझं नाव लागलं. भावाने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. वाटपाचा दावा अजून दिवाणीत चालू आहे, तो वेगळा विषय.

आणि सुनावणीच्या सकाळी निघायच्या आधी कार्यालयात फोन करा. माझ्या एका तारखेला साहेब गारपिटीच्या पंचनाम्यावर होते, आणि मी नव्वद किलोमीटर एसटीने गेले होते. तसं झालंच तर नुसतं परत येऊ नका. "आज हजर होते" असा अर्ज देऊन त्यावर शिक्का घ्या.