परीक्षा मराठीतून देता येते, काकू

प्रश्न : माझं वय 66. एडिसनला (न्यू जर्सी) मुलाकडे आले, ग्रीन कार्ड मिळून 17 वर्षं झाली. मुलगा म्हणतो, आता सिटिझनशिप घे. पण माझं इंग्रजी दुकानापुरतंच. साहेबापुढे काय बोलू? मागच्या वर्षी जाऊबाईंच्या आजारपणात सात महिने गावीच होते. वडिलांकडून आलेली दोन एकर शेती आहे, ती जाईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : काकू, आधी इंग्रजीची भीती मनातून काढा. अर्ज करताना वय 55 च्या पुढे आणि ग्रीन कार्डाला 15 वर्षं झालेली असली, की इंग्रजी वाचायची-लिहायची-बोलायची परीक्षा माफ होते. तुम्ही त्यात बसता. राहते ती इतिहास आणि राज्यकारभाराची तोंडी परीक्षा, ती मराठीतून देता येते. दुभाषा मात्र आपणच न्यायचा. मुलाला नेऊ नका. घरचा माणूस अधिकाऱ्याला चालला नाही, तर तारीख पुढे जाते.

आता 128 प्रश्नांतले 20 विचारतात, 12 बरोबर यावे लागतात. माझ्या आईच्या वेळी 100 पैकी 10 विचारायचे, 6 पुरायचे. तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर उत्तरं मराठीत लिहून काढली आणि पोळ्या लाटता लाटता पाठ केली. इतिहासात ती कुठे अडली नाही. अडली ती अर्जातल्या एका प्रश्नावर : कायद्याने सांगितलं तर देशासाठी शस्त्र हाती घ्याल का? तिला तो कोणी आधी सांगितलाच नव्हता. बाहेर आली तेव्हा तिचे हात गार पडले होते. म्हणून अर्जातला प्रश्न न् प्रश्न मुलाकडून मराठीत समजून घ्या. हे मी अगदी कळकळीने सांगते.

सात महिन्यांचं जाणं लपवू नका. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं, की इथलं वास्तव्य तुटलं असं धरतात. तुटलं नव्हतं हे आपण दाखवायचं. इथल्या बँकेचे, टॅक्सचे, डॉक्टरांचे कागद आणि जाऊबाईंचे दवाखान्याचे कागद जोडा. गेल्या 5 वर्षांतले किमान 30 महिने इथे भरलेत ना, तेही पासपोर्टवरचे शिक्के बघून मोजा.

शेती जात नाही. वारशाने आलेली ठेवता येते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येणार नाही, आणि विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली, की 1955 च्या कायद्याप्रमाणे भारताचं नागरिकत्व संपतं, मतही जातं. भारतीय पासपोर्ट रद्द करून घ्यायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारतात येण्या-राहण्यासाठी मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज. रद्द झालेला पासपोर्ट परत मिळतो. आईने तो तिच्या आईच्या फोटोखाली ठेवला आहे.