झिनियाचा शेंडा खुडायला हात का कचरतो?

प्रश्न : ताई, जूनच्या शेवटी गॅलरीत झिनियाचं बी टाकलं, पाचव्या दिवशी उगवलंसुद्धा. आता ऑगस्ट संपत आला, रोपं माझ्या कमरेला लागतायत पण प्रत्येकाला टोकाला एकच फूल, खाली नुसता दांडा. पाच कुंड्या, पाच फुलं! सासूबाई म्हणतात फुलाला हात लावू नकोस, झाडावरच छान दिसतं. माझं काय चुकलं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : अगं चुकलं एवढंच की शेंडा खुडला नाहीस. झिनियाची पानं समोरासमोर जोडीने येतात बघ, त्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक कोंब झोपलेला असतो आणि वरचा शेंडा जोरात असेपर्यंत तो काही उठत नाही. रोप वीतभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की तिसऱ्या जोडीच्या वर सरळ कात्री चालवायची. मी पहिल्या वर्षी कात्री घेऊन उभी राहिले आणि दहा रोपांपैकी चारच कापली, जीवच होईना. त्या चारांना पहिलं फूल आठ-दहा दिवस उशिरा आलं, पण नंतर दिवाळीपर्यंत तोरणाला फुलं त्यांनीच पुरवली, बाकीची सहा तुझ्यासारखी काठ्या होऊन उभी होती.

आत्ताही उशीर झालेला नाही. फूल नुसतं देठाशी तोडू नकोस, खाली पानांच्या दोन जोड्या ठेवून लांब दांड्यासकट काप, तिथून दोन फांद्या निघतील. आणि सासूबाईंना सांग की फूल झाडावरच वाळलं की झाड बी भरायच्या मागे लागतं आणि नवीन कळ्या कमी धरतं. फुलदाणीत ठेवायचं असेल तर आधी फुलाच्या खाली वीतभर अंतरावर दांडा धरून हलवून बघ. मान डुलली तर थांब, ताठ राहिला तर काप, कारण झिनिया अर्धवट उमललेला कापला तर पाण्यात पुढे नीट उमलत नाही.

ऊन किती तास येतं ते लिहिलं नाहीस. सहा तासांपेक्षा कमी असेल तर रोप उन्हाच्या शोधात लंबू होतंच. युरिया-बिरिया घालत असशील तर बंद कर, नुसता पाला वाढतो.

प्रश्न : सप्टेंबर संपला की दरवर्षी माझ्या झिनियाच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं येतं. मी रोज संध्याकाळी पाइपने पानं स्वच्छ धुतो, तरी वाढतंच. – एक वाचक, पुणे

उत्तर : काका, ही भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. आणि संध्याकाळची आंघोळ आधी बंद करा! पानं रात्रभर ओली राहिली की ठिपक्यांचे रोग येतात ते वेगळंच. भुरीला तर पान ओलं असायचीही गरज नाही, रात्रीचा गारवा, दमट हवा आणि दाटी एवढं तिला पुरतं. पाणी सकाळी आणि मुळाशीच घाला, दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा, खालची पांढरी पडलेली पानं काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. नुकतीच सुरुवात असेल तर एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं आठवड्यातून एकदा सकाळी उन्हात फवारा. जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, पण कडक उन्हात नको आणि नीमतेल मारलं असेल तर मधे दोनेक आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं भाजतात. पांढरं झालेलं पान मात्र परत हिरवं होत नाही, नवीन वाचवायची.

गंमत सांगते, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया लावला होता तिथेही असंच काहीसं झालं, दमटपणा वाढून पानांवर बुरशी धरली. मग पंख्याचा वेग वाढवला, पाणी वेळापत्रकाऐवजी झाडाकडे बघून द्यायचं ठरलं, आणि जानेवारी 2016 मध्ये तिथल्या अंतराळवीर स्कॉट केलीने फुललेल्या झिनियाचा फोटो टाकला. अवकाशातसुद्धा दुखणं तेच, पाणी जास्त आणि वारा कमी.

प्रश्न : पाकिटातल्या बियांना गच्च पाकळ्यांची फुलं आली, त्यांचंच बी धरलं तर यंदा निम्मी एकेरी! बी भेसळीचं होतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही हो. पाकीट संकरित असेल तर पुढच्या पिढीत असं फुटणारच, वर मधमाश्या आणि फुलपाखरं शेजारपाजारचे पराग आणून टाकतात. उपटायची घाई करू नका, रोपाला ताण असला तर पहिलं फूल एकेरी येऊन पुढची भरगच्च निघतात. दुसऱ्या फुलानंतरही एकेरीच राहिलं तर बियांच्या झाडांपासून लांब हलवा. मी दोन-तीन एकेरी मुद्दाम ठेवते, मधे ती बारीक पिवळ्या चांदण्यांची गोल रांग उघडी असते ना, फुलपाखरं आधी तिथेच बसतात.

बी धरताना फूल झाडावर तपकिरी, कडकडीत होऊ द्या. पाकळी उपसली की तिच्या बुडाला बाणाच्या टोकासारखं चपटं बी येतं, ते नखाने दाबून बघा. पचकलं तर पोकळ, फेकून द्या. भरलेलं कागदाच्या पुडीत ठेवा आणि पुडीवर रंग लिहा, मी लिहिला नव्हता, फेब्रुवारीत सगळं गुलाबीच निघालं.