ग्रीन टी की स्पिरुलिना : आईच्या हिमोग्लोबिनसाठी विचारलंय म्हणून जरा सविस्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की आई ५८ वर्षांच्या आहेत, पूर्ण शाकाहारी आहेत, हिमोग्लोबिन १० च्या आसपास आलंय. घरात कुणी ग्रीन टी सुचवतंय, कुणी स्पिरुलिनाच्या गोळ्या. दोन्हींत पोषक काय, आणि सकाळी दोन्ही एकदमच दिलं तर चालेल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. एकदम अजिबात देऊ नका. ग्रीन टीतली कॅटेचिन्स नावाची द्रव्यं डाळी-भाज्यांतल्या लोहाला पोटातच धरून बसतात, त्यामुळे ते अंगाला कमी लागतं. स्पिरुलिनातलं लोहही त्याच जातीचं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले त्याच्यावरच चहा ओतल्यासारखं होईल. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली असेल तर तिलाही हेच लागू. गोळीच्या आधी-नंतर निदान एकेक तास कुठलाही चहा नको, आपला दुधाचासुद्धा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट चांगली लागते.

आता तुलना. नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे. हा प्रश्न काउंटरवर सारखा येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोबाइलवर आलेला एक तक्ता असतो. त्यात ग्रीन टीपुढे प्रथिनं, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व अशी मोठी रांग दिसते. आकडे खोटे नसतात, फक्त ते कोरड्या पानांचे असतात. १०० ग्रॅम कोरड्या पानांत प्रथिनं २० ग्रॅमच्या वर भरतात हे खरं. पण आपण पानं खात नाही. दोनेक ग्रॅमची पुडी गरम पाण्यात बुडवतो, अर्क पितो आणि पुडी डस्टबिनमध्ये टाकतो. प्रथिनं त्या पुडीतच राहतात. कपात जे उतरतं त्यात उष्मांक दोन-तीन, प्रथिनं जवळजवळ नाहीतच, लोह नगण्य. उतरतात ती कॅटेचिन्स, २० ते ४५ मिलिग्रॅम कॅफिन आणि थिअनीन नावाचं एक अमिनो आम्ल, ज्याने तरतरी जरा शांतपणे येते म्हणतात. पेय म्हणून छान आहे. साखरेच्या दोन कप चहाऐवजी कुणी हे प्यायला लागलं तर ती साखर वाचली, हाच मोठा फायदा. (पाणी खळखळून उकळलेलं नको, जरा निवू द्या, नाहीतर कडूजार होतो आणि मग लोक त्यात दोन चमचे मध घालतात!)

स्पिरुलिनाची गोष्ट वेगळी. हे निळं-हिरवं शेवाळ, शास्त्राच्या भाषेत सायनोबॅक्टेरिया. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या बायका ते पाण्यावरून गोळा करून वाळवतात, त्याला 'डिहे' म्हणतात आणि कालवणात घालतात. म्हणजे तिथे ते खरोखरीचं अन्न आहे. वाळलेल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५७ ग्रॅम प्रथिनं आणि २८ मिलिग्रॅम लोह असतं. आकडा बघून डोळे विस्फारतात, आणि तक्ता इथेच थांबतो.

डबा हातात घ्या आणि मागची बाजू वाचा. गोळी बहुधा ५०० मिलिग्रॅमची असते. दिवसाला चार घेतल्या तर झाले दोन ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळाली एक ग्रॅमच्या जरा वर, लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरा वर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत रोजचं लोह पुरुषांना १९ मिलिग्रॅम आणि पाळी सुरू असलेल्या बायकांना २९ मिलिग्रॅम सांगितलंय. आईंची पाळी थांबली असणार म्हणून १९ धरा. त्या १९ पैकी चार गोळ्यांतून मिळालं जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्याच डब्यावर बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असंही छापलेलं सापडेल. ती ओळ छापणं सक्तीचं आहे, पण वाचणारं गिऱ्हाईक विरळाच.

आता आपल्याकडची मटकी बघा. १०० ग्रॅम कोरड्या मटकीत प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास आणि लोह आठेक मिलिग्रॅम. माणशी ४० ग्रॅम भिजवली तरी आठ ग्रॅम प्रथिनं आणि तीन मिलिग्रॅम लोह. मोड आणल्यावर लोह अडवणारी फायटेट्स कमी होतात, वरून लिंबू पिळलं की क जीवनसत्त्वामुळे ते आणखी लागतं. नाशिककराला वेगळं काय सांगायचं, मिसळीच्या ताटात मटकी आणि लिंबाची फोड दोन्ही असतातच. घोळ होतो तो तर्री, शेव आणि मिसळीनंतर लगेच येणाऱ्या कटिंगमध्ये. घरी उसळ करा, चहा तासाभराने द्या. पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) मिळाली तर भाकरी जरूर करा, पण ती कॅल्शियमसाठी. लोहाच्या बाबतीत तिचं नाव जरा जास्तच झालंय.

शाकाहारी माणसासाठी यापेक्षाही महत्त्वाचा मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा. स्पिरुलिनाच्या जाहिरातीत 'बी-१२ चा वनस्पतीजन्य स्रोत' असं ठळक लिहिलेलं असतं. जपानमध्ये फुमिओ वातानाबे आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच स्पिरुलिनाच्या गोळ्या तपासून दाखवलं की त्यात जे असतं ते मुख्यतः 'स्यूडो बी-१२'. रेणू दिसायला सारखा, पण आपल्या शरीरात त्याचा उपयोग होत नाही. जुन्या पद्धतीच्या चाचणीत जिवाणू वाढवून मोजमाप करायचे, त्या जिवाणूंना दोन्ही चालतात, म्हणून आकडा फुगलेला दिसायचा. तेव्हा आईंना बी-१२ कमी निघालं तर स्पिरुलिनाच्या भरवशावर राहू नका. त्याची साधी गोळी किंवा इंजेक्शन मिळतं, आणि ते स्पिरुलिनाच्या डब्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

तरीही स्पिरुलिना घ्यायचीच असेल तर नाव माहीत असलेल्या उत्पादकाची घ्या, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक बघा, आणि जड धातू व मायक्रोसिस्टिनची तपासणी केल्याचा उल्लेख आहे का ते पाहा. उघड्या तळ्यात वाढवताना दुसरी विषारी शेवाळं मिसळू शकतात, मायक्रोसिस्टिन त्यांचंच, आणि ते यकृतावर जातं. संधिवातासारखा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने होणारा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. गोळी पाण्यात विरघळवून पाहिलीत तर गडद हिरवा गाळ आणि तळ्याचा वास येईल. त्याला घाबरू नका, तो तिचा गुणच आहे. त्यातून निळसर छटा उतरते ती फायकोसायनिन या रंगद्रव्याची. अमेरिकेत २०१३ पासून गोळ्या-चॉकलेटांना निळा रंग द्यायला तोच वापरायची परवानगी आहे.

ग्रीन टीच्या कॅप्सूल मात्र देऊ नका. कपात ईजीसीजी हे मुख्य कॅटेचिन साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम येतं. अर्काच्या कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृतावर ताण येऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटलंय. वजन उतरवायला लोक या कॅप्सूल बिनधास्त मागतात.

आता तुमच्याकडून थोडी माहिती हवी. पाळी थांबल्यावर हिमोग्लोबिन उतरत असेल तर नुसतं 'खाण्यात कमी पडलं' म्हणून सोडून देता येत नाही. पोटातून हळूहळू रक्त जात नाही ना, हे डॉक्टर आधी बघतात. तेव्हा सीबीसीबरोबर (रक्ताच्या नेहमीच्या तपासणीबरोबर) फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची तपासणी, आणि बी-१२ केलंय का? आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात का, किंवा पित्तासाठी पँटोप्राझोलसारखी गोळी बरीच वर्षं चालू आहे का? दोन्हींनी बी-१२ उतरतं, आणि पित्ताच्या गोळीने लोहही कमी लागतं. दुपारी जेवून उठल्यावर लगेच चहा घ्यायची सवय आहे का, तेही लिहा. रिपोर्ट टाकताना नाव-नंबर झाकून टाका.