पाणी पाजू नका, लंगोट मोजा

दादा, लेकरू चार दिवसांचं, वजन 2.9 किलोवरून 2.7 वर आलं, रात्रभर रडतंय आणि घरातली मोठी माणसं म्हणतायत, "ऊन केवढं आहे, चमचाभर पाणी पाजा." दोन लेकरं परभणीच्या उन्हाळ्यात वाढवलीत, म्हणून लिहिते.

वजनाचं टेन्शन घेऊ नका. पहिल्या काही दिवसांत जन्माच्या वजनाच्या 10 टक्क्यांपर्यंत घट होते, तुमची 7 टक्के आहे. दोन आठवड्यांत भरून निघायला हवी. दूध पुरतंय का हे रडण्यावरून कळत नाही, लंगोटावरून कळतं. आज तीन-चार ओले व्हायला हवेत, पाचव्या दिवसापासून रोज सहा तरी. शी काळ्याची पिवळी होत आली की समजा, दूध पोटात जातंय. दिवस-रात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं, रात्रीचंही धरून. पान्हा तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, तोवरचा पिवळा चीक थोडा दिसला तरी पुरतो.

पाणी, मध, गुटी काहीच नको. सहा महिने फक्त आईचं दूध, त्यातच पाणी असतं. मध तर वर्षभर नाहीच. पाण्याचा तांब्या बाळंतिणीच्या उशाशी ठेवा. आमच्याकडे "पाणी कमी पी, पोट सुटतं" म्हणायचे, आणि मी घशाला कोरड पडून लेकराला पाजत बसायचे.

आता माझी चूक. थोरला मे महिन्यातला. वारं लागू नये म्हणून खिडक्या बंद, अंगात झबलं, डोक्याला कुंची, वरून दोन दुपटी, बाजेखाली शेकाची शेगडी. सातव्या दिवशी लेकरू तापलं, मान घामोळ्यांनी लाल, सकाळपासून लंगोट कोरडा. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी दुपटी सोडली, मग मला बोलले. दोन दिवस ठेवून घेतलं. बंद खोलीत कोळशाचा धूर जीवघेणा असतो, हेही तिथंच कळलं. उन्हाळ्यात एक सुती झबलं बास, पंखा चालतो, फक्त झोत थेट अंगावर नको. छातीला हात लावून बघा, हातपाय गार असतातच.

नाळेला तेल, हळद, राख काही लावू नका, कोरडी ठेवा. आपोआप पडते.

थांबायचं नाही ते एवढ्यासाठी: ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर, दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, तळपाय-तळहात पिवळे. रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 लावा. पाचवीची पूजा झाल्यावर बघू, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

आशाताई तिसऱ्या दिवशी येऊन गेली का? सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीही ती यायला हवी. आली नसेल तर आजच फोन करा, ती घरीच वजन करून देईल.